साडेसदतीसला ओरडणारा डबा

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (उभं राहून वाचत असाल तर आधी कुठेतरी टेकून घ्या. पत्र लांब आहे आणि तुमचा डावा गुडघा मला ठाऊक आहे.) इंजिनरूमच्या शिड्या चढताना तो गुडघा कशी साथ देतो, पित्ताचा त्रास कमी झाला का, आणि बोटीवरचा नवा खानसामा जुन्यासारखाच सगळ्यात मिरपूड ओततो का, हे सविस्तर कळवावं. इकडे सगळं ठीक आहे. ताई ठीक आहे. घर ठीक आहे. मागच्या दाराची बिजागरी करकरत होती ती मी काढली, घासली, तेल देऊन परत बसवली. आता दार उघडलेलं कळतसुद्धा नाही, त्यामुळे ताई दोनदा दचकली. अंड्यांबद्दल खाली लिहितो. याच टपालाने ताईचंही पत्र निघालं असण्याचा संभव आहे. ते जाडीला कमी असेल. तरी कृपा करून आधी हे वाचावं, म्हणजे त्यातला मजकूर तुम्हाला योग्य प्रकाशात दिसेल.

तुम्ही गेल्यावर कुंपणाखालून कुत्री शिरली आणि एका दुपारीत सगळी बदकं गेली, हे तुम्हाला कळलं आहेच. उरली ती खोपटातल्या टोपलीतली अंडी. ताई लग्न होऊन आली तेव्हा तुमच्या आईंनी तिला जी जोडी दिली होती, तिचा वंश आता त्या टोपलीत होता, दुसरीकडे कुठेही नाही. तिने रडारड केली नाही. टोपली पदराखाली घेऊन ती थेट माझ्या दुकानात आली, काउंटरवरचा उघडा मिक्सर कोपराने बाजूला सारला आणि म्हणाली, ‘‘हे उबवून दे.’’ माझा स्वभाव तुम्ही जाणता. कुणी ‘हे जमेल का’ असं विचारलं तर मी चार प्रश्न विचारतो. पण ‘करून दे’ म्हटलं की माझा उजवा हात आपोआप पान्याकडे जातो. दुकानात एका जुन्या फ्रिजचं खोकं पडलं होतं. त्याला आत बल्ब, एक लहान पंखा, ऊब कमीजास्त करायला एक गोल बटण, आणि उष्णता नि दमटपणा मोजणारा तुकडा लावला. झाली पेटी. बदकाच्या अंड्याला साडेसदतीस अंश लागतात. थोडं इकडेतिकडे चालतं, फार काळ चालत नाही.

पेटी खोपटात, ताई स्वयंपाकघरात, मधे अख्खं अंगण. म्हणून मी दुसरा एक डबा केला, जो स्वयंपाकघरात फडताळावर बसेल आणि पेटीत काय चाललंय ते आकड्यांत दाखवेल. पेटीत एक चिप, डब्यात एक चिप, आणि मधे कुंपणाच्या कडेने नेलेली एक तार. (खरं तर तीन तारा. दोन विजेच्या, एक बोलण्याची. पण बोलणारी एकच, म्हणून एकच म्हणतो.) विकतचं काहीतरी आणावं असं सौ.चं मत पडलं. त्यावर मी तिला सांगितलं की ज्या माणसाने कुणाच्याही हाताखाली न बसता, नुसते मेलेले रेडिओ उघडून उघडून हे शास्त्र मिळवलं, त्याने विकतचं आणणं म्हणजे गवयाने अंघोळ करताना रेडिओ लावण्यासारखं आहे. ती म्हणाली, तुम्ही लावताच की. तो मुद्दा वेगळा.

आता जरा बारकाईने वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तारेवरून आकडे एकामागून एक येतात. मधे ना जागा, ना श्वास. ऐकणाऱ्या चिपला कळावं कसं, की निरोप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला? सगळे निरोप सारख्याच लांबीचे असते तर मोजून कापता आले असते. पण एरवी फक्त उष्णता नि दमटपणा पाठवायचा; झाकण उघडं राहिलं तर ते कळवायचं; बल्ब गेला तर तेही. म्हणजे निरोप कधी आखूड, कधी लांब. त्यावर मी एक युक्ती शोधली. (मागाहून समजलं की ती जगात इतरांनीही शोधलेली आहे, पण मी माझी माझी शोधली.) सुरुवातीला एक ठरावीक आकडा, म्हणजे दारावरची थाप. मग पुढे किती आकडे येणार ती संख्या. मग ते आकडे. आणि शेवटी त्यांची बेरीज. ऐकणाऱ्याने आपण जे ऐकलं त्याची स्वतः बेरीज करायची आणि पाठवणाऱ्याच्या बेरजेशी ताडून पाहायची. जुळली तर निरोप खरा, नाही तर केराच्या टोपलीत. ताई फोनवर नेमकं हेच करते. ‘‘ऐक, तीन गोष्टी सांगायच्यात,’’ असं बजावते आणि शेवटी मी काय काय ऐकलं ते माझ्याकडून वदवून घेते. (फरक इतकाच, की ताईच्या तीन गोष्टी पाच निघतात.)

थापेसाठी आकडा कुठला घ्यावा, यावर मी बराच विचार केला. तो असा हवा की एरवीच्या बोलण्यात कधी येऊच नये. दुसरा कोणी असता तर मनाला येईल तो घेऊन मोकळा झाला असता. मी उष्णता मोजणारा तुकडा दुकानाच्या टेबलावर ठेवला, बर्फात बुडवला, गरम चहाच्या कपाला टेकवला, उन्हात धरला, आणि तारेवरून जे जे आकडे गेले ते सगळे पाहिले. एका आकड्यात दोनशे पंचावन्नच्या वर काही मावत नाही, म्हणून मी उष्णता दशांशांत मोजून त्यातून दोनशे वजा करून पाठवतो. दुकानातल्या हवेचे आकडे आले, बर्फाचे आले (बर्फ फार खाली जातो, त्याला शून्यच म्हणायचं ठरवलं), चहाचे आले. एकशे पंचाहत्तर मात्र एकदाही आला नाही. चहाला टेकवताना उष्णता त्याच्यावरून उडी मारून पुढे जात असावी. मी तोच निवडला. पुराव्यावर आधारलेली निवड, भाऊजी. तुमच्या बोटीवर तरी कुणी एवढे कष्ट घेतले असते का?

पहिल्यांदा रिकाम्या पेटीवर चाचणी घेतली. दोन दिवस डबा साडेसदतीस दाखवत होता आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवत होतो. मग ताईने सहज पेटीत हात घातला तर आत गार. तिने इस्त्रीसाठी पेटीच्या बल्बचा प्लग काढला होता, परत लावायचा राहिला होता; आणि डबा फडताळावर बसून साडेसदतीस म्हणतोय. ‘‘हा खोटं बोलतो,’’ ताई म्हणाली. माझ्या कुठल्याही वस्तूबद्दल असं यापूर्वी कोणी बोललेलं नाही. (सौ. धरून.) मी शोध घेतला. शेजारचा सुतार नवी विजेची करवत चालवत होता, आणि आपली तार त्याच्याच कुंपणावरून जाते. करवत सुरू झाली की तारेत खरखर शिरते. एखाद्या निरोपात ‘पुढे दोन आकडे येणार’ याच्या जागी ‘पुढे दोनशे येणार’ असं काहीतरी ऐकू येई. झालं. आमचा डबा इमानेइतबारे दोनशे आकड्यांची वाट पाहत बसे, त्यात मागून आलेले चांगले निरोपही गिळून टाके, आणि पडद्यावर जुनाच आकडा राही. मी सुताराकडे जाऊन रीतसर विनंती केली. त्याने करवत थांबवून माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘माझी करवत तुमच्या अंड्यांशी बोलायला गेली नव्हती.’’ आणि पुन्हा सुरू केली.

सुतार बदलत नाही म्हटल्यावर डबा बदलला. दोन नियम घातले. पहिला : थापेचा आकडा ऐकू आला की हातातलं सगळं टाकून द्यायचं आणि नव्याने ऐकायला बसायचं. म्हणजे दोनशेची वाट पाहणं बंद. दुसरा : बराच वेळ एकही खरा निरोप आला नाही, तर जोरात ओरडायचं. म्हणजे जुना आकडा दाखवून फसवणूक बंद. दोन्ही नियम मी दुकानातल्या टेबलावर तपासले, बर्फाने, चहाने, आणि करवतीऐवजी सौ.च्या मिक्सरने. एकदम चोख. साडेसदतीसला पुन्हा तपासलं नाही, कारण तिथे तर तो आधीच दोन दिवस चालला होता. हे वाक्य तुम्ही दोनदा वाचावं. मीही नंतर पुष्कळदा वाचलं आहे.

अंडी पेटीत गेली. दुसऱ्याच दिवशी दुपारी ताईचा दुकानात फोन. डबा ओरडतोय. माझ्या हातात एका बाईंच्या टेबलफॅनची पाती होती, बाई समोर उभ्या होत्या, आणि त्या बाई थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी ताईला म्हटलं, डब्यावर विश्वास ठेव. तो ओरडतोय म्हणजे पेटीत काहीतरी बिनसलंय. बटण थोडं थोडं फिरव आणि ओरडणं थांबलं की समज, आता ठीक. हे मी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज तुम्हाला माहीत आहे. ताई म्हणते, तो तुमच्या घरचं लाइटबिल समजावून सांगतानाचा आवाज.

त्यानंतर फोन आला नाही. दोनेक दिवसांनी मी स्वतःच गेलो, म्हटलं आपलं काम पाहून यावं. स्वयंपाकघरात शांतता. ताईने चहा ठेवला. मी खुर्ची फडताळासमोर घेऊन बसलो आणि म्हणालो, ‘‘कसा शांत बसलाय बघ.’’

‘‘बसणारच,’’ ताई म्हणाली. ‘‘मी त्याला साडेसदतीसवर येऊच देत नाही.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘साडेसदतीसला ओरडतो ना तो. तूच म्हणालास, थांबेपर्यंत बटण फिरव. खाली नेलं तर अंडी गार होतील म्हणून मी वर नेलं. अडतीसच्या पुढे अगदी गुणी बाळासारखा बसतो.’’

मी तिला सांगितलं की तसं होणं शक्यच नाही. ती अंगण ओलांडून गेली, बटण खाली केलं, परत आली, आणि आम्ही दोघं फडताळासमोर उभे राहिलो. अडतीसच्या वरून आकडा हळूहळू उतरू लागला. सदतीस पॉइंट आठ, शांत. सदतीस पॉइंट सहा, शांत. तिथे तो अडकला, पुढचा आकडा काही येईना, आणि जरा वेळाने डब्याने असा गळा काढला की पलीकडे सुताराने करवत थांबवली. ‘‘हे बघ,’’ ताई म्हणाली. ‘‘होतंय शक्य.’’

भाऊजी, तुमच्यापासून काय लपवायचं. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं कुतूहल. मी दुनियेतले बिघाड पाहिलेत. चालू केल्यावर बंद होणारा पंखा पाहिलाय, बंद केल्यावरच गाणारा रेडिओ पाहिलाय. पण सगळं सुरळीत असलं की बोंब मारायची आणि बिघडलं की गप्प बसायचं, असं यंत्र मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि हे तर मीच केलं होतं. असं होईल कसं? मी उभ्या उभ्या मनात हिशोब केला. साडेसदतीस म्हणजे दशांशांत तीनशे पंचाहत्तर. त्यातून दोनशे वजा. उरले एकशे पंचाहत्तर. म्हणजे पेटी अगदी बरोबर तापली, की तिचा निरोपच थापेसारखा ऐकू येतो. डब्याला वाटतं, नवीन कोणीतरी दार वाजवतंय; तो चालू निरोप अर्धवट टाकून उठतो, पुढचा दमटपणाचा आकडा ‘किती येणार’ म्हणून धरतो, मग खरी थाप येते, पुन्हा उठतो, पुन्हा तेच. एकही निरोप पुरा होत नाही. आणि निरोप आला नाही की ओरडायचं, हे मीच शिकवलेलं. सुतारावरचं औषध नेमकं अंड्यांना बाधलं. टेबलावर जो आकडा कधीच आला नाही म्हणून मी निवडला, तो टेबलावर का आला नाही? तर माझ्या टेबलावर कोणी अंडी उबवत नव्हतं म्हणून. इतकी सुबक चूक. मला मनापासून हसू आलं.

माझं तेच चुकलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. ‘‘आत अंडी भाजतायत,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तू हसतोस.’’ एवढंच. मग कपाटातून तापाचा थर्मामीटर काढला, आणि खोपटात जाऊन पेटीच्या काचेशी स्टुलावर बसली. चहा तसाच राहिला. तेव्हापासून ती माझ्याशी चांगलं बोलते आहे. ‘जेवलास का’, ‘दार लोटून घे’, ‘पाऊस येईल, छत्री ने’. असं चांगलं ती परक्यांशी बोलते. (तिने पत्रात माझ्याबद्दल काही लिहिलं नसेल, तर त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा घेऊ नये.)

डबा मी तिथेच, जेवणाच्या टेबलावर दुरुस्त केला. आता तो असं वागतो. थाप ऐकू आली की पुढची संख्या पाहायची. आपला कुठलाच निरोप चारपाच आकड्यांच्या वर जात नाही, म्हणून संख्या मोठी असली तर ती थापच खोटी. संख्या बरी वाटली, तर तितके आकडे निमूट मोजून घ्यायचे; मधे थापेसारखा आकडा आला तरी उठायचं नाही. आत बसलेल्या पाहुण्याने टेबलावर बोटं वाजवली म्हणून कोणी दार उघडायला धावत नाही. मग बेरीज. जुळली तर ठीक. नाही जुळली तर सगळं एकदम फेकायचं नाही. त्या ढिगातच पुढे खरी थाप लपली आहे का ते पाहून तिथून पुन्हा मोजायचं. आणि पाहुणा बोलता बोलता मधेच गप्प झाला, तर जन्मभर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. या वेळी मी साडेसदतीसला तपासलं. पॉइंट चारला तपासलं, पॉइंट सहाला तपासलं. सुताराकडे जाऊन त्याला मुद्दाम करवत चालवायला सांगितलं. तो म्हणाला, आता बोलू का अंड्यांशी? बोल म्हटलं.

डबा शांत बसला आणि बरोबर आकडा दाखवत राहिला. ताईने तो पाहिला, मान हलवली, आणि थर्मामीटर घेऊन पुन्हा खोपटात गेली.

अंडी टॉर्चसमोर धरली तर काहींत सावली हलताना दिसते. काहींत दिसत नाही, किंवा हलते असं मला वाटतं आणि ताईला वाटत नाही. अंडं किती उष्णता किती वेळ सोसतं, याबद्दल जो तो वेगळं सांगतो, आणि अंडं स्वतः काही सांगत नाही. (त्याच्यात चिप बसवता आली असती तर, असा विचार आला होता. ताईला सांगितला नाही.) आता फुटायचे दिवस आलेत. दुकान सौ.वर सोपवून मी इथेच आहे. हे पत्र स्वयंपाकघरात फडताळासमोर बसून लिहितोय, आणि ताई खोपटात आहे. मधे अंगण आहे. तुम्ही असतात तर त्या अंगणात उभं राहून दोघांनाही ओरडला असतात, आणि बरं झालं असतं.

तब्येत जपावी, गुडघ्याला रात्री गरम कपड्याने गुंडाळावं. लोभ आहेच, तो ताईचं पत्र वाचल्यावरही टिकावा, इतकीच इच्छा.

आपला,
मेहुणा

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच खोपटातून हाक आली. नावाने नाही, नुसतं ‘‘ये.’’ मी चप्पल न घालता गेलो. ताई काचेला कान लावून बसली होती. तिने माझं डोकं धरून काचेला टेकवलं. आतून टकटक ऐकू येत होती, थांबून थांबून, कोणी पेन्सिलने टेबल ठोकावं तशी. एका अंड्याचा टवका उडाला होता. आम्ही दोघं किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी जे बाहेर आलं ते दिसायला अगदी पावसात राहिलेल्या बुटासारखं होतं, पण ताईला ते तुमच्या आईंच्या जुन्या बदकिणीसारखं दिसलं, आणि मी वाद घातला नाही. त्यानंतर आणखी आली. काही अंडी मात्र अजून गप्प आहेत. त्यात माझा वाटा किती आणि निसर्गाचा किती, हे कळायला मार्ग नाही. ताई म्हणाली, ‘‘यांनी अंडी घातली की पुढच्या वेळी मी नाही स्टुलावर बसणार. तुझा डबा आहे ना.’’ आणि थर्मामीटर माझ्या हातात दिला, कपाटात ठेव म्हणून.

ता. क. २ : ते ऐकून मी खूश व्हायला हवं होतं. त्याऐवजी मी डबा पुन्हा उघडून बसलो. म्हणून आता खरं काम सांगतो. सोबत डब्याच्या चिपमधली सगळी आज्ञावली स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवत आहे, अगदी स्वल्पविरामासकट. तुमच्या बोटीवर विजेचं सगळं पाहणारे जे साहेब आहेत, जे हे कॉलेजात शिकलेत, त्यांना एखाद्या मोकळ्या दुपारी ती दाखवावी. एका लांबच्या ओळखीच्या माणसाची आहे म्हणावं. माझ्या नजरेतून आणखी काय सुटलंय ते त्यांना शांतपणे शोधू द्यावं, घाई करू नये, चहा पाजावा. काही चूक निघाली तर कृपया मला कळवा. नाही निघाली, तर ताईला.